धरणातल्या टॉवरचं कुठलं गेट कधी उघडायचं

धरणाच्या पाण्यात उभा असलेला तो गोल टॉवर, काठावरून त्याच्याकडे जाणारा अरुंद पूल, हे बघितलेलं असतं सगळ्यांनी, पण त्याचा वापर कसा करायचा ते पाणीपुरवठा योजनेवर नवीन लागलेल्या पोरांनाही कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितोय. पाणी समितीवर असाल तर तुम्हीपण वाचा.

टॉवर म्हणजे आतून पोकळ विहीरच. तिच्या भिंतीला वेगवेगळ्या उंचीवर तोंडं असतात, प्रत्येक तोंडाला बाहेरून जाळी आणि एक गेट, आणि ते गेट वरच्या स्लॅबवर चाक फिरवलं की स्पिंडलने, म्हणजे गेटला जोडलेल्या लांब दांड्याने, वरखाली होतं. आत आलेलं पाणी एकतर तिथेच बसवलेले व्हीटी पंप (उभे टर्बाइन पंप) उचलतात किंवा पाइपातून काठावरच्या जॅकवेलला, म्हणजे पंपांच्या विहिरीला येतं, तिथून पुढे रायझिंग मेन (पाणी वर चढवणारी मोठी पाइपलाइन), फिल्टर प्लांट, टाकी, नळ. 1860 साली मुंबईला विहार तलावाचं पाणी सुरू झालं त्या टॉवरलाही चार तोंडं होती, एकाखाली एक.

आता एवढी तोंडं कशाला, एक तळाशी ठेवलं असतं तर बारा महिने पाणी मिळालं असतं की, असं वाटतं ना? आणि बऱ्याच ठिकाणी होतं पण तेच, तळाचं गेट उघडून ठेवतात ते वर्षभर तसंच. पण धरणाचं पाणी सगळीकडे सारखं नसतं हो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि तरंगत राहतं, खालचं गार पाणी त्याच्यात मिसळत नाही, मग तळाशी ऑक्सिजन संपतो आणि गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, बायांच्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे डाग पडतात. आणि अगदी वरच्या थरात शेवाळ, तेही फिल्टरची वाळू चोक करतं. म्हणून उन्हाळ्यात मधलं गेट.

पावसाळ्यात पहिला मोठा पूर आला की गढूळ पाणी जड असल्यामुळे बरेचदा खालून घुसतं. तेव्हा खालचं गेट बंद करा, वरचं घ्या, पण पृष्ठभागाला अगदी लागून असलेलं नको, पुरासोबत आलेला पालापाचोळा आणि लाकडं जाळीवर येऊन बसतात. तुरटी किती वाचते ते स्वतःच बघा. थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, सगळं घुसळून निघतं, तेव्हा आठवडाभर पाणी अचानक बिघडलं तर घाबरू नका पण रोज तपासा.

तपासायला लॅबच पाहिजे असं नाही. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी, दोरीवर मीटरच्या खुणा. बुच लावून सोडायची, पाहिजे त्या खोलीवर गेली की झटका देऊन बुच काढायचं, बुडबुडे थांबले की वर ओढायची. प्रत्येक तोंडाच्या लेव्हलची एकेक बाटली उन्हात शेजारी शेजारी ठेवा, रंग बघा, वास घ्या, आणि तारीख घालून वहीत लिहा. ही वही दोन वर्षांनी सोन्यासारखी उपयोगी पडते.

गेट बदलताना आधी नवीन उघडायचं आणि मगच जुनं बंद करायचं. उलटं केलं तर विहिरीतली लेव्हल झपकन उतरते आणि पंप हवा ओढतो. जे गेट चालू आहे ते पाण्याखाली चांगलं बुडालेलं पाहिजे, तोंडापाशी भोवरा दिसला की खालच्या गेटवर जा, वाट बघू नका.

आणि दर महिन्याला सगळी गेटं एकदा पूर्ण उघडबंद करा, स्पिंडलला ग्रीस लावा. आमच्याकडच्या एका योजनेत वरचं गेट चार वर्षं हललंच नव्हतं, पुरात चाक फिरवायला गेलो तर जाम, आणि आख्खं गाव दहा दिवस चहासारखं पाणी प्यायलं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. जाळ्यांची डागडुजी मे महिन्यात उरका, पाणी उतरलेलं असतं, वरची तोंडं उघडी पडतात.

सगळ्यात खालच्या तोंडाच्याही खाली पाणी गेलं तर? जायकवाडीत साधारण 102 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे पाणी दिसतं पण नेहमीच्या वाटेने येत नाही, तिथे मग चर खोदून नाहीतर तरंगत्या पंपाने पाणी टॉवरपर्यंत आणावं लागतं. त्यासाठी पंप, केबल, वीज जोडणी हे सगळं लागतं, आणि ते मार्चमध्येच ठरवा, मेमध्ये धावपळ करून पंप मिळत नाही.

विहिरीत उतरायची वेळ आली तर एकट्याने कधीच नाही. पंप बंद, स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात, कमरेला दोर आणि वर दोन माणसं, आणि आत हवा खराब असू शकते म्हणून आधी ब्लोअर लावून हवा खेळू द्या. पोहणाऱ्या पोरांना तोंडांच्या आसपास फिरकू देऊ नका, पंप चालू असताना जाळीकडे ओढ असते आणि ती वरून दिसत नाही.