पहिल्या तासाला पेंग येते?

सकाळी पहिल्याच तासाला डोळे मिटायला लागतात आणि फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नाही. त्यावर उपाय म्हणजे वर्ग भरण्याआधी 15-20 मिनिटं अंग हलवा.

1. सुरुवात साध्या चालण्याने.
2. मग 10 मिनिटं भरभर चाला, दोरीवरच्या उड्या मारा किंवा जिने चढा-उतरा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत धाप लागली पाहिजे. (गाणं सहज जमतंय? मग वेग वाढवा.)
3. वेग उतरवा, पाणी प्या, बाकावर बसा.

व्यायामानंतर काही वेळ लक्ष चांगलं टिकतं, म्हणून गणितासारखा विषय तेव्हाच उरकावा. वेगळा वेळ नसेल तर शाळेत झपझप चालत गेलं तरी चालतं. फक्त यासाठी झोपेला कात्री लावू नका, आणि दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.