ब्लॉकचेन गेमची शब्दसूची सांभाळताय? या चुका टाळा

सातपूर-अंबडची सेकंड शिफ्ट सुटली की आमच्या नाशिकच्या ग्रुपवर प्रश्न यायला लागतात. कॉलेज रोडची पोरं तेव्हा जागीच असतात. विचारणं बहुतेक वेळा एकच: "दादा, वॉलेटमध्ये हे असं आलंय, दाबू का?" ॲक्सी इन्फिनिटीसारखा ब्लॉकचेन गेम, म्हणजे ज्यातल्या वस्तू आणि कमाई अनेक संगणकांवरच्या सामायिक नोंदवहीत (चेनवर) टोकन म्हणून नोंदलेली असते आणि वॉलेट या डिजिटल पाकिटातून हाताळली जाते असा गेम, खेळणारा माणूस शब्दसूची उघडतो ती नेमकी अशा वेळी. समोर बटण असतं आणि ते चुकून दाबलं तर झालेला व्यवहार मागे घेता येत नाही. त्यामुळे शब्दाचा नुसता अर्थ देऊन थांबणं, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक.

'अप्रूव्हल' घ्या. बऱ्याच सूच्यांत त्यापुढे 'परवानगी' एवढंच लिहिलेलं असतं. कसली परवानगी? तर समोरच्या कॉन्ट्रॅक्टने (चेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) तुमच्या वॉलेटमधली टोकन्स परस्पर हलवण्याची. अनेकदा ती अमर्याद रकमेची असते आणि तुम्ही रद्द करेपर्यंत तशीच राहते. एनएफटीच्या (एकमेव डिजिटल वस्तू दाखवणाऱ्या टोकनच्या) बाबतीत एका सहीवर त्या कलेक्शनमधल्या तुमच्या सगळ्या वस्तू हलवायची मुभा जाऊ शकते. साइटवरून वॉलेट डिस्कनेक्ट केलं की परवानगीही गेली, असं कितीतरी जण धरून चालतात. ती जात नाही! रद्द करायला वेगळा व्यवहार करावा लागतो आणि त्यालाही गॅस फी (चेनवरच्या व्यवहाराचं शुल्क) पडते. म्हणून प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यातच: शब्द कुठे दिसतो, दाबल्यावर काय होतं आणि परत फिरता येतं का.

दुसरी चूक म्हणजे नोंदीवर तारीख न टाकणं. ॲक्सीत ॲडव्हेंचर मोड खेळून एसएलपी (गेममधलं कमाईचं टोकन) मिळायचं, ते फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झालं. इथेरियम या चेनवरचं मायनिंग (संगणक चालवून नवी नाणी कमावणं) 15 सप्टेंबर 2022 ला थांबलं. पॉलिगॉन या चेनच्या मॅटिक टोकनच्या जागी 2024 मध्ये पोल (POL) टोकन आलं. जुनी नोंद पुसू मात्र नका. जुन्या व्हिडिओंत तोच शब्द ऐकून मुलं शोधायला येतात. 'आता लागू नाही' असं वरच लिहा आणि नव्या नोंदीकडे पाठवा.

विशेषणं जपून वापरा. 'ब्रिज' म्हणजे दोन चेनमध्ये टोकन नेण्याचा सुरक्षित मार्ग, असं लिहिलेलं दिसलं की मी 'सुरक्षित' काढून टाकतो. मार्च 2022 मध्ये ॲक्सीच्या रोनिन ब्रिजवर पैसे काढायला 9 पैकी 5 व्हॅलिडेटरच्या (व्यवहार तपासून मंजूर करणाऱ्यांच्या) सह्या पुरत होत्या. हल्लेखोरांनी सहीच्या पाच गुप्त किल्ल्या मिळवल्या आणि 1,73,600 इथर (इथेरियमचं चलन) व 2 कोटी 55 लाख यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन) काढून नेले. चोरी लक्षात यायला सहा दिवस लागले. ब्रिजच्या नोंदीत सह्या कोणाच्या आणि किती लागतात, एवढं तरी असू द्या.

"सूचीत शब्दच सापडत नाही" ही तक्रार आली तर आधी कीबोर्ड बघा. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखीच, पण साध्या शोधाला ती वेगळी वाटतात. 'ॲसेट' समोर असूनही मिळत नाही तो यामुळे. नोंदीखाली 'इतर लेखन' अशी ओळ ठेवा. वॉलेट, वालेट, व्हॉलेट सगळं तिथे टाका.

सीड फ्रेजच्या (वॉलेट उघडणाऱ्या गुप्त शब्दांच्या) नोंदीत नमुन्यादाखलसुद्धा चालणारे 12 किंवा 24 शब्द देऊ नका. कोणीतरी नवखा तेच वापरून वॉलेट उघडतो, त्यात पैसे टाकतो आणि ते लगेच उडतात, कारण ते शब्द जगाने वाचलेले असतात.

कमाईच्या नोंदीत रुपयांतले भाव नकोत, ते टिकत नाहीत. कर मात्र हवा: एप्रिल 2022 पासून टोकन विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के, शिवाय एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएसही आला.

राहिला संपादनाचा हक्क. सूचीची शीट सगळ्यांना वाचायला खुली ठेवा, सुचवायलाही. पण बदल पक्का करायचा अधिकार दोघा-तिघांकडेच असू द्या. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता बदलायची सूचना आली तर गेमच्या अधिकृत पानावरचा पत्ता उघडून एकेक अक्षर ताडून बघा. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं जुळणारे खोटे पत्ते मुद्दाम तयार केले जातात.