पोटमाळ्यावरची ओल: पत्रा गळतोय की वाफ साचतेय?

सोलापुरात डिसेंबरच्या सकाळी पत्र्यातून थेंब पडायला लागले की घरोघरी एकच बोलणं: "पत्रा गळतोय." मग माणूस बोलवायचा, हुकांवर डांबर फासून घ्यायचं, पैसे द्यायचे. पण बाहेर महिनाभर पाऊस नाही, तर गळेल काय? ते पाणी बहुतेक वेळा आपल्याच चुलीवरून वर गेलेलं असतं.

मी साखर पेठेत राहते, विकायला कडक भाकरी करते. खाली शेगड्या, वर लाकडी पोटमाळा, त्यावर पत्रा. माळ्यावर चादरींचे गठ्ठे आणि वर्षाची मंगळवेढ्याची ज्वारी. तिथं ओल आली तर नुकसान थेट पोटावर येतं, म्हणून हे सगळं नीट समजून घेतलं.

भाताची, आंघोळीच्या पाण्याची वाफ आपल्याला दिसते. गॅसची दिसत नाही. गॅस जळताना पाणी तयार होतं, 14.2 किलोची एक टाकी संपेपर्यंत सुमारे 22 लिटर पाणी वाफ होऊन घरात सुटतं. ही गरम हवा जिन्याच्या भोकातून माळ्यावर जाते. थंडीत आभाळ निरभ्र असलं की पत्रा रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. घरातली हवा 25 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर 17 अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पत्र्यावर पाणी धरतं. आपल्याकडे डिसेंबरात तेवढा गारवा सहज असतो.

आधी ओळखा. गळतीचं पाणी एका हुकापाशी, एका सांध्यापाशी येतं आणि लाकडावर तपकिरी कडेचा डाग सोडतं. वाफेचं पाणी सगळ्या पत्र्याला घामासारखं सुटतं, ऊन चढलं की वाळतं. स्लॅबचं घर असेल तर ओल्या जागी वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी आलं तर ते स्लॅबमधून येतंय, खोलीकडच्या बाजूला आलं तर हवेतून. पांढरे क्षार फुटले असतील तर पाणी स्लॅबमधून झिरपतंय हे नक्की. अशा वेळी गच्चीवरची टाकी बघा. आपल्याकडे रोज नळ येत नाही, त्यामुळे आला की टाकी ओसंडेपर्यंत भरतात आणि तेच पाणी गच्चीवर तासन्‌तास साचून राहतं.

वाफ असेल तर पहिला खर्च एक्झॉस्ट फॅनचा करा, डांबराचा नको. फॅनचं तोंड घराबाहेर हवं; काही जण ते माळ्यात सोडतात, मग सगळंच मुसळ केरात. स्वयंपाक झाल्यावरही पाव तास फॅन चालू ठेवा. खिडकी मात्र बंद करू नका, शेगडीला हवा लागते. जिन्याच्या भोकाला घट्ट बसणारं फळीचं झाकण करून घ्या. माझ्या मते निम्मं काम या झाकणानेच होतं, आणि सुताराला ते अवघड नाही. माळ्याच्या समोरासमोरच्या भिंतींना जाळीचे झरोके ठेवा म्हणजे हवा आरपार जाईल.

एवढ्यानेही थेंब थांबले नाहीत तर पत्र्याच्या आतून चांदीच्या कागदाचा फोम लावा. तो पत्र्याला चिकटून बसला पाहिजे आणि सांधे टेपने बंद हवेत, नाहीतर वाफ मागे शिरते आणि पाणी तिथं दिसेनासं होऊन पत्रा गंजवतं. हे काम एप्रिल-मे महिन्यात, सगळं खडखडीत वाळलेलं असताना करा. माळ्यावर वायर असेल तर चढण्याआधी मेन स्विच बंद करायचा. ओला पत्रा आणि सोललेली वायर जीव घेते.

सामान भिंतीपासून चार बोटं लांब, फळीवर ठेवा. चादरी कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच बांधा. गरम गठ्ठा प्लास्टिकमध्ये बांधला की ओल आतच राहते. ज्वारीचंही तसंच. चादरींतल्या डांबराच्या गोळ्यांनी कीड पळते, ओल जात नाही.

बुरशी आली असेल तर कोरड्या झाडूने झाडू नका, ती घरभर उडते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मग पंखा लावून वाळवा. ब्लीच वापरलं तर त्यात व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणि सप्टेंबरात, आपल्याकडे पावसाचा खरा जोर असतो तेव्हा, झड लागली की झरोक्यांवर झडप टाका. त्या दिवसांत बाहेरचीच हवा ओली असते. उघडीप मिळाली की पुन्हा उघडा.