नातवंडांच्या ‘का गं आजी?’ला उत्तर कसं द्यायचं

एप्रिलात सोलापुरात पारा ४२ला टेकला की आमच्या घरी एक प्रश्न ठरलेला. ‘आजी, फ्रिजमध्ये न ठेवता माठातलं पाणी गार कसं?’ ‘माती थंड असते’ असं सांगून मोकळं होऊ नका. ते चूक आहे, आणि लहानपणी डोक्यात बसलेलं लवकर निघत नाही.

आधी विचारा, ‘तुला काय वाटतं?’ नात काहीही सांगो, पूर्ण ऐका. मग दोन सारख्या तांब्यांत नळाचं पाणी भरा. एकाला ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, वारं लागेल अशा खिडकीत ठेवा. टॉवेल सुकायला लागला की पाण्याचा हबका मारा. तासाभराने तिला दोन्हीत बोट घालू द्या. माझी नात तीनदा आलटून पालटून बोटं घालत होती!

आता कारण सांगा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी आतल्या पाण्यातून जाते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, उडतं, उरलेलं गार होतं. म्हणूनच बाहेरून ऑइलपेंट दिलेला माठ घेऊ नये, छिद्रं बुजतात.

पुढचा प्रश्न येतोच. ‘मग मुंबईच्या मावशीकडचा माठ एवढा गार का नाही?’ इथं लगेच बोलू नका. पावसाळ्यात आपले कपडे किती वेळाने वाळतात, एवढंच विचारा.