अर्ज भरण्याआधी अनुमोदकाची पावती बघा

गणिताचे शिक्षक घडवणाऱ्या प्रशिक्षकांच्या संघटनेत पदासाठी उभं राहायचं मनात आलं असेल, तर पहिलं काम म्हणजे अनुमोदकाचं सदस्यत्व चालू आहे का ते बघणं. निवेदन नंतर, फोटो त्याच्याही नंतर. मागच्या खेपेला मी निवेदनाचे सात खर्डे केले, स्वल्पविरामांवरून स्वतःशीच भांडले, आणि अर्ज छाननीतच बाद झाला. माझ्या अनुमोदकांची वर्गणी चार महिन्यांपूर्वी संपली होती. त्यांच्या ते लक्षात नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. एवढ्या ज्येष्ठ माणसाला ‘तुमची वर्गणी भरलीय ना?’ असं कसं विचारायचं, हा माझा संकोच. विचारा. पावती मागा, नाहीतर कार्यालयाकडून लेखी घ्या की नाव चालू यादीत आहे. सूचकाचंही तेच. माझा सूचक जुना सहकारी, त्यालाही मी विचारलं नव्हतं. त्याची वर्गणी भरलेली निघाली हे माझं नशीब. स्वतःची वर्गणी सगळेच तपासतात, त्यावर शब्द घालवत नाही.

मग संघटनेची घटना आणि निवडणुकीचे नियम. दुसऱ्याकडून ऐकू नका, स्वतः वाचा. किती वर्षं सलग सदस्य असायला हवं, आधी एखाद्या समितीवर काम केलेलं असण्याची अट आहे का, अर्ज आपण करायचा की नामनिर्देशन समिती नावं काढते, हे सगळं तिथे असतं. विद्यार्थी-सदस्याचं किंवा संस्था-सदस्याच्या प्रतिनिधीचं अनुमोदन चालतं का, हेही बघा, कारण वर्गणी भरलेली पण सदस्यत्वाचा प्रकारच चालत नाही, असंही होतं. आणि तारीख! सदस्यत्व नेमकं कोणत्या दिवशी चालू असायला हवं: अर्ज दिला त्या दिवशी, छाननीला, की मतदारयादी गोठवली त्या दिवशी? माझ्या अनुमोदकांनी कळल्याबरोबर त्याच संध्याकाळी पैसे भरले. यादी आठवडाभर आधी गोठली होती. बिचारे माझ्यापेक्षा जास्त ओशाळले.

पद कोणतं, हा विचार लोक फारच घाईने करतात. अध्यक्षपद बऱ्याच संघटनांत सुटं येत नाही. आधी नियोजित अध्यक्ष, मग अध्यक्ष, मग मावळते अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीत, अशी तीन-चार वर्षं एका मतदानात जातात. आधी एखाद्या समितीचं काम करा: परिषदेच्या निबंधांची छाननी, पुरस्कार समिती, नियतकालिकाचं परीक्षण. कोषाध्यक्षपदाला उमेदवार शोधावा लागतो, पण संघटना कशावर चालते ते तिथेच कळतं. पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो, वर्गणी आणि परिषदेचं नोंदणीशुल्क. एका परिषदेला माणसं कमी आली की पुढचं वर्ष हात आखडून काढायचं. गेल्या तीन वर्षांचे हिशोब मागून वाचा. न वाचता ‘वर्गणी कमी करू’ असं लिहिणारे उमेदवार दर वेळी असतात.

जिथे नोकरी करता तिथली परवानगी लेखी घ्या. ‘हो हो, जमवू की’ म्हणणारे विभागप्रमुख पुढच्या वर्षी बदललेले असतात. तासिका किती कमी होतील, परिषदेच्या आठवड्यात वर्ग कोण घेणार, एवढं तरी कागदावर हवं.

आता निवेदन. इथे खरी मेहनत आहे आणि बहुतेक जण इथेच गुळगुळीत होतात. ‘गणिताची भीती घालवू, गोडी लावू’ हे शाळेच्या स्नेहसंमेलनात ठीक. मतदार प्रशिक्षक आहेत, त्यांच्या वर्गातलं काहीतरी लिहा. पावणेदोन भागिले अर्धा. भावी शिक्षकांना यावर गोष्ट रचायला सांगा. उत्तर साडेतीन हे बरेच जण काढतात, पण गोष्ट सांगतात पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटल्याची, म्हणजे दोनाने भागल्याची. ‘पावणेदोन लिटरमध्ये अर्धा लिटर किती वेळा मावतं’ इथे त्यांना आणायचं कसं, हे आपलं काम, आणि संघटना त्यात काय मदत करेल हे तुमचं निवेदन. एक उपक्रम, कुणासाठी, किती मुदतीत. तीन उपक्रम लिहिलेत तर एकही लक्षात राहत नाही.

अध्यक्षाच्या बोलण्याला किंमत नसते असं वाटत असेल तर एक आठवण. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या शैक्षणिक संशोधन संघटनेचे अध्यक्ष म्हणून भाषण केलं, ते १९८६ साली छापलं गेलं. विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं तंत्र यांखेरीज तोच विषय शिकवायला लागणारं एक निराळं ज्ञान असतं, ही मांडणी त्यातली. आपण सगळे त्यावर पोट भरतो.

मतदार एकजिनसी नसतात, हेही लक्षात घ्या. काही गणित विभागातले, काही शिक्षणशास्त्रातले, काही शाळांत जाऊन शिक्षकांबरोबर काम करणारे. पहिल्यांना दुसरे उथळ वाटतात आणि दुसऱ्यांना पहिले कोरडे. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी हे दुखणं १९०८ सालीच नोंदवलं: विद्यापीठात गेलेला विद्यार्थी शाळेचं गणित मागे टाकतो आणि शिक्षक होऊन शाळेत परतला की विद्यापीठाचं. त्याच वर्षी ते गणित-अध्यापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. निवेदन तिन्ही गटांतल्या एकेकाला वाचायला द्या. मी फक्त आपल्या गोटात दाखवलं होतं, सगळ्यांनी छान म्हटलं. संघटनेची स्वतःची मानकं असतील तर तीही वाचा. अमेरिकेतल्या गणित-शिक्षक-प्रशिक्षकांच्या संघटनेने २०१७ साली शिक्षक घडवण्याची मानकं काढली. तिथे उभं राहणाऱ्याला ती न वाचता बोलता येणार नाही.

आणि हे सगळं चालू असताना अनुमोदकाची पावती आली का? ‘पाठवतो’ म्हणाले म्हणजे आली नाही. पुन्हा मागा.

हितसंबंध उघड करा: पाठ्यपुस्तकाचं मानधन, एखाद्या कंपनीचं सल्लागारपद, जे असेल ते. नंतर दुसऱ्याने काढलं की खुलासे करत बसाल. परिचयपत्र दोन पानं, संघटनेचं काम वर, शोधनिबंध खाली. फोटो अलीकडचा.

प्रचाराचे नियम बघा. कित्येक ठिकाणी सदस्यांना सामुदायिक पत्र पाठवायला बंदी असते. उमेदवारांची सभा असेल तर दोन मिनिटांचं बोलणं घड्याळ लावून म्हणून बघा. पडलात तर निवडून आलेल्याला पत्र आणि एखाद्या समितीसाठी नाव, त्याच आठवड्यात.

अर्ज शेवटच्या दिवशी देऊ नका, चार दिवस आधी द्या. त्या चार दिवसांत कार्यालयाला विचारा: सूचक चालू, अनुमोदक चालू? उत्तर लेखी घ्या. माझे यंदाचे अनुमोदक दुसरे आहेत. त्यांची पावती माझ्याकडे आहे, मुदत कधी संपते तेही मी वहीत लिहून ठेवलंय, आणि तरी उद्या कार्यालयाला एकदा विचारणार आहे.