गोंगाटात कविता ऐकूच जात नव्हती, शेवटी असं जमलं

कोल्हापुरात मंडळाच्या स्टेजवर कविता चालू केली की पहिल्या दोन ओळी गप्पांतच विरायच्या. ओरडून बघितलं, घसा बसला. व्हॉल्यूम वाढवला तर माईक शिट्टी मारायचा. लई जीव जळला.

परवा मंगळवार पेठेत जमलं. आधी स्पीकरच्या पुढं उभा राहायचो ते मागं सरकलो, मग माईकची जाळी मुठीत धरायची सोडून दांडा धरला, कारण जाळी झाकली की माईक सगळीकडचा आवाज ओढतो आणि शिट्टी तिथंच सुरू होते, तोंडापासून दोन बोटं अंतर ठेवलं आणि ऑपरेटरला एको पूर्ण बंद करायला लावला, हे तर पाहिजेच, एकोत शब्द चिकटतात. मग प्रस्तावना न करता ५-६ सेकंद गप्प उभा राहिलो, आणि रंकाळ्यावरची पाठ असलेली छोटी कविता सावकाश म्हटली. दुसऱ्या कडव्याला मागची पोरं गप्प झाली.