माकड ‘हसतंय’ म्हणण्याआधी: निरीक्षणातल्या या चुका टाळा

पावसाळ्यात कोकणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जखमी माकडं सांभाळताना मी पहिल्याच आठवड्यात एका मादीच्या वहीत लिहिलं: ‘सतत येरझाऱ्या, ताण.’ सर थांबली की तीही थांबायची, हे मात्र लिहिलंच नव्हतं. पत्रा वाजत असताना मीसुद्धा जागेवर बसत नाही! येरझाऱ्यांसोबत वेळ, पाऊस आणि आवाजही नोंदवा.

सगळ्यात मोठी फसगत दातांची. ओठ मागे ओढून दात दाखवणारं माकड पाहिलं की पाहुणे म्हणतात, “बघा, हसतंय!” लाल तोंडाच्या माकडात ती बहुतेकदा भीती असते, शरणागती असते. फोटोसाठी पुढे सरकलात तर भीती आणखी वाढते. मैत्रीची खूण म्हणजे ओठांची भराभर चपचप. वारंवार जांभया आणि अंग खाजवणं हेही झोपेचं किंवा पिसवांचंच लक्षण असेल असं नाही. मनावरचा ताण असाही बाहेर पडतो.

काळ्या तोंडाच्या वानराला माकडाचं माप लावू नका. वानर पाला खातं आणि तो पचवत दिवसाचा बराच वेळ नुसतं बसतं. ते उदास नसतं. माकड मात्र मान खाली घालून, समोरच्या केळ्याकडेही न बघता बसून राहिलं तर काळजी करा.

नोंदी करताना भांडणं, किंकाळ्या लगेच डोळ्यांत भरतात. कोपऱ्यात गुपचूप स्वतःचे केस उपटणारं माकड निसटतं. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर लिहिलेला निबंध आजही या कामाचा पाया मानतात. त्यातला धडा सोपा: एकच प्राणी ठरवा, ठरलेला वेळ फक्त त्यालाच बघा. आम्ही दहा मिनिटं घेतो, दर अर्ध्या मिनिटाला ते काय करतंय याची वहीत एक खूण. त्याआधी तेवढाच वेळ गप्प बसतो, म्हणजे माकडं आपल्याला विसरतात. खाणं देताना केलेली नोंद खाण्याबद्दलच सांगते.

टक्कल दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, त्वचारोगही असू शकतो.

माकडांचे खेळ करण्यावर १९९८ पासून बंदी आहे, तरी साखळीत वाढलेली माकडं अजून येतात. त्यांचं जागच्या जागी डोलणं चांगल्या जागेतही लवकर सुटत नाही. त्यांची तुलना शेजारच्या माकडाशी न करता वहीतल्या त्यांच्याच जुन्या पानांशी करा. आमचा एक नर अजून डोलतो, पण हल्ली मध्येच थांबून शेजारणीचे केस निवडायला जातो.